मुक्तहस्त

मराठी भाषेनं हाताला जितकी कामं लावली आहेत, तितकी सरकारनं प्राथमिक शिक्षकांनाही लावली नसतील. हात दाखवायचा, हात मारायचा, हात आखडायचा, हात झटकायचे, हातावर तुरी द्यायच्या आणि कशानंच जमलं नाही तर हात टेकायचे. माझा उजवा हात यातलं काहीच धड करत नाही. तो नुसता हलतो. गेली सात वर्षं हलतो आहे.

शेलूबाजारसारख्या गावात हलणारा हात खाजगी राहत नाही. आठवडी बाजारात मी मेथीची जुडी उचलली की भाजीवाली म्हणते, "गुर्जी, झटकू नका, माती नाही तिले." भर मे महिन्यात एकानं मला पारावर गाठून विचारलं, "गुर्जी, थंडी वाजून राह्यली काय?" वऱ्हाडातल्या मे महिन्यात हा प्रश्न विचारायलाही छाती लागते. आणि मी कोण, तर निवृत्त चित्रकला शिक्षक! पट्टीशिवाय सरळ रेघ आणि कर्कटकाशिवाय गोल, हा माझा फळ्यावरचा हातखंडा प्रयोग होता. मुक्तहस्त चित्र म्हणजे काय, हे मी बत्तीस वर्षं मुलांना समजावलं. हात खरोखर मुक्त झाल्यावर काय होतं, ते आत्ता कळतंय.

नागपूरच्या डॉक्टरांनी माझ्यापुढे कागद ठेवला आणि म्हणाले, "शंखासारखं गोल गोल वळण काढा." ही या आजाराची नेहमीची परीक्षा. मी काढलं. डॉक्टरांनी कागद आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. भूकंपाच्या वेळी यंत्र काढतं तसलं काहीतरी कागदावर उमटलं होतं. हजारो मुलांची चित्रं तपासलेल्या माणसाला एका वळणात नापास करून त्यांनी निदान सांगितलं : इसेन्शल ट्रेमर.

"इसेन्शल म्हणजे आवश्यक ना? मग हे कोणाला आवश्यक आहे?" सौभाग्यवतींनी विचारलं. तिच्या पिढीला 'इसेन्शल' म्हटलं की 1955 चा आवश्यक वस्तू कायदा, रॉकेलची रांग आणि रेशनची साखर आठवते. डॉक्टर हसून म्हणाले, वैद्यकात या शब्दाचा अर्थ, ज्याचं मूळ कारण सापडलेलं नाही असा. पार्किन्सनमध्ये हात मांडीवर स्वस्थ पडलेला असताना जास्त थरथरतो. यात उलट. बसून असेल तोवर हात शांत. काम सांगितलं की लटपटतो. म्हणजे अगदी सरकारी प्रकृतीचा आजार. प्रोप्रॅनोलॉल नावाची मुळात हृदयासाठी निघालेली गोळी दिली. तिनं नाडी मंदावली, हात मंदावला नाही. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली, की पुष्कळ जणांचा कंप दोन घोट दारूनं तात्पुरता थांबतो. ही माहिती मी अजून घरी दिलेली नाही. हा लेख छापून आला की मिळेल.

थट्टा सोडा, पण एक काम माझ्या हातून सुटलं त्याचा चटका मोठा आहे. हिला रोज सकाळी इन्सुलिन लागतं आणि सिरिंजवरच्या बारीक रेघा हिला दिसत नाहीत. ते माझं काम होतं. आता शेजारचा मुलगा कॉलेजला जायच्या आधी टोचून जातो. तो सुट्टीवर गेला की आम्ही दोघं सकाळी एकमेकांकडे बघत बसतो.

तेव्हा पुण्याच्या पुतण्यानं फोनवर सांगितलं, "काका, आता आवाजानं कंप थांबवतात." मी म्हटलं, आमच्या शाळेत हेडमास्तर असंच करत. पण हा आवाज कानाला ऐकू न येणारा. डोक्यावर एक मोठं टोप चढवतात, त्यात 1024 ध्वनिस्रोत. एकेकाच्या लहरीनं कवटीला, मेंदूला काही होत नाही. सगळ्या जिथं एकवटतात त्या एका ठिपक्यापाशी उष्णता निर्माण होते. बहिर्गोल भिंगानं उन्हात कागद जाळतो तसं. किंवा असं समजा, की एका नातेवाइकाच्या टोमण्यानं माणसाला काही होत नाही. पण 1024 नातेवाईक एकाच वेळी एकाच मुद्द्यावर बोलले तर?

तो ठिपका असतो थॅलॅमसमध्ये. पूर्वी ट्रंक कॉल एक्स्चेंजमधून जोडून मिळे, तसा लहान मेंदूचा निरोप याच्यामार्फत मोठ्या मेंदूकडे जातो. कंपाच्या आजारात या तारेवर सेकंदाला चारपासून बारापर्यंत ठोक्यांचा एक ठेका धरला जातो आणि हात बिचारा त्या तालावर नाचतो. एक्स्चेंजमधला काही मिलिमीटरांचा तुकडा जाळला की ठेका मोडतो. उजव्या हातासाठी डावीकडचा.

मला सगळ्यात आवडली ती यातली रीत. रोगी जागाच असतो. आधी बेताची ऊब देतात, तिचा परिणाम टिकत नाही. एम.आर.आय. यंत्र त्या ठिपक्याचं तापमान दाखवत असतं. मग बाहेर ओढून पुन्हा तेच शंखाचं वळण काढायला लावतात, जीभ जड झाली का, ओठ बधिर झाला का, विचारतात. जागा बरोबर असेल तरच 55-60 अंशांपर्यंत नेतात, आणि मग मात्र ते कायमचं. ग्रनोबलला 1987 साली बेनाबिद यांनी मेंदूत तार ठेवून विजेनं कंप थांबवला होता; ती वीज कमी करता येते, बंदही करता येते. जाळलेला ठिपका परत मागता येत नाही.

2016 साली याची चाचणी छापून आली. 76 रोगी, 56 जणांवर खरा उपचार, 20 जणांना सगळा थाट करून लहरी मात्र दिल्याच नाहीत. म्हणजे फुकटचं मुंडन! (त्यांनाही पुढे खरा उपचार घ्यायची मुभा होती, नाहीतर मारामारी झाली असती.) तीन महिन्यांनी खऱ्या गटाचे कंपाचे गुण 18.1 वरून 9.6 वर आले, खोट्या गटाचे जिथल्या तिथंच. त्याच वर्षी अमेरिकेत मान्यता मिळाली. आता दुसरी बाजू. 36 टक्क्यांची चाल अडखळली, 38 टक्क्यांना बधिरपणा किंवा मुंग्या आल्या. भाजलेल्या जागेभोवतीची सूज उतरली की बरंचसं जातं, पण वर्षानंतरही 9 टक्क्यांची चाल आणि 14 टक्क्यांचा बधिरपणा उरलाच होता. काहींचा कंप काही वर्षांनी थोडाफार परततो, ते वेगळंच.

हे आकडे मी हिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "हात हलतो ते मला चालतंय हो. पण पाय हलले तर मला डॉक्टरकडे कोण नेणार?" मी म्हटलं, हात थांबला तर सुई मीच भरीन. त्यावर ती काही बोलली नाही. पदरानं चष्मा पुसत राहिली.

मग तिनं मुंडनाचा मुद्दा काढला. या उपचाराला डोकं गुळगुळीत करावं लागतं. तशा डोक्यानं मी शेलूबाजारात उतरलो तर निम्मं गाव "कोण गेलं?" म्हणून दारात येईल आणि उरलेलं निम्मं तिरुपतीचा लाडू मागेल.

पण या सगळ्याच्या आधी एक अडथळा आहे. काहींच्या कवटीच्या हाडाची ठेवणच अशी असते की या लहरी आत नीट शिरत नाहीत. त्यासाठी आधी सीटी स्कॅन करून कवटीचं मोजमाप काढतात. 'याच्या डोक्यात काही शिरणार नाही' असं माझ्या गणिताच्या मास्तरांनी सगळ्या वर्गादेखत सांगितलं होतं, तेही स्कॅनशिवाय.

समृद्धी महामार्ग गावाजवळूनच जातो, तेव्हा नागपूर आता लांब नाही. स्कॅनची तारीख पुतण्या कळवणार आहे. तोवर ही मला चहा अर्धाच कप ओतते, तो संपला की उरलेला अर्धा.