पट आणि पंगत

'सनद' हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे पेशवाईतला एखादा जीर्ण कागद उभा राहतो. त्यावर मोर्तब, आणि आत वंशपरंपरेने, आचंद्रार्क इनाम उपभोगण्याचे आश्वासन. अमेरिकेतही सनदी शाळा असतात. त्यांना तिकडे 'चार्टर स्कूल' म्हणतात. त्यांची सनद मात्र आचंद्रार्क नसते. ठरावीक वर्षांची असते, आणि मुदत सरली की पुन्हा मागावी लागते.

कल्पना मोठी गोड आहे. पैसा सरकारचा, मुलांना फी नाही, कारभार मात्र शाळेचा. नियमांचा जाच कमी. त्याच्या बदल्यात शाळेने मुले शिकवून दाखवायची. मिनेसोटा राज्याने १९९१ साली असा पहिला कायदा केला. १९९२ साली सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली, ती शिक्षण अर्ध्यावर सोडलेल्या मुलांसाठी. हे वाचून कोणाला बरे वाटणार नाही? शिवाय तपासणीचे सोंग आपण पाहिलेले आहे. माझ्या लहानपणी शाळा तपासायला दिपोटी येणार म्हटले, की भिंतींना चुना लागे, हुशार मुले पुढच्या बाकांवर येत आणि उत्तरे आदल्या दिवशीच पाठ झालेली असत. यातून सुटावे असे एखाद्या मास्तरांना वाटले, तर मी त्यांच्याच बाजूचा.

पण सुटका सोंगातून हवी की तपासणीतूनच? ओहायो राज्यात २००० साली 'इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो' नावाची सनदी शाळा निघाली. तिला ना भिंती, ना घंटा. मुलांनी घरी बसून संगणकावर शिकायचे. सरकार मुलामागे पैसे देई. २०१५-१६ या वर्षाचे दप्तर सरकारने उघडून पाहिले, तेव्हा शाळेने सुमारे १५,३०० पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा हिशेब दाखवलेला, आणि पुरावा निघाला तो सुमारे ६,३०० जणांचा! शाळेचे म्हणणे असे की, वर्षाला ९२० तासांचे शिक्षण आम्ही मुलांपुढे ठेवले; ते त्यांनी घेतले की नाही, हे कायदा विचारत नाही. म्हणजे आचाऱ्याने पाने किती मांडली एवढेच मोजायचे, जेवून कोण उठले ते पाहायचे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. पण त्याआधीच, जानेवारीत, ऐन वर्षाच्या मध्यावर शाळा बंद पडली होती आणि सुमारे १२,००० मुलांवर दुसरी शाळा शोधण्याची वेळ आली होती.

तिथे अशा शाळेवर देखरेखीसाठी एक संस्था असते. तिला आपला मेहनताना शाळेच्या सरकारी पैशातूनच, शेकडा तीनपर्यंत, घेता येतो. पट जितका मोठा, तितका मेहनताना मोठा. अशा वेळी फुगलेला पट राखणदाराच्या डोळ्याला खुपेनासा झाला तर नवल काय? त्यासाठी त्याने वाईट माणूस असायची गरज नाही.

"राखणदार हवेतच कशाला? शाळा वाईट असेल तर आईबापच मूल काढून घेतील," असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आईबापांची नजर तीक्ष्ण खरीच, पण ती आपल्या मुलापुरती. शेजारच्या रिकाम्या बाकाचे पैसे कोण उचलतो, हे तिला दिसत नाही. आणि जे मूल शाळेत फिरकतच नाही, ते तक्रार तरी काय करणार?

परक्याचे उणे काढण्यासाठी हे लिहीत नाही. आपल्या महाराष्ट्रात ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने शाळांची पटपडताळणी केली. एकच मूल दोन शाळांत मोजले जाऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. तेव्हा पटावरची लाखो नावे वर्गात सापडली नाहीत. त्या शाळांना तर कसली सनद नव्हती. तपासनीस होते, नियमांच्या पोथ्या होत्या.

म्हणून मला वाटते, शाळेला मोकळीक जरूर द्यावी. पुस्तक कोणते आणि तास केव्हा, हे मास्तरांनी ठरवावे. पण मुले मोजणारा माणूस त्याच पंगतीला बसणारा नसावा. वर्षातून एकदा तरी त्याने न कळवता यावे, पट मिटून बाजूला ठेवावा, आणि समोर बसलेली मुले मोजावीत.