अर्धा ग्रॅम सुंठ

आमच्या पेढीवर तीन पिढ्या सुंठ विकली जाते. कोचीनची कोणती आणि कालिकतची कोणती, हे मी वासावरून सांगू शकतो. ओले आले कंदमूळ म्हणून घरात वर्ज्य. परंतु तेच वाळून सुंठ झाले की औषधाला चालते, अशी आजीची शिकवण. गिऱ्हाइकाने उलटीवर उपाय विचारला की मी सुंठीची पुडी बांधून देई. किती घ्यावी हे मात्र कधी सांगितले नाही. मला ते ठाऊकच नव्हते.

गेल्या वर्षी सौ.ला कर्करोगाचे निदान झाले आणि सिस्प्लॅटिनच्या फेऱ्या सुरू झाल्या. सूर्यास्तापूर्वी घेतलेले चार घास रात्री सगळे बाहेर पडत. तिचा चौविहार अनेक वर्षांचा. या औषधाने मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, पाणी हवेच, असे डॉक्टरांनी बजावल्यावर तिने नाइलाजाने तिविहार स्वीकारला. मी सुंठीचा काढा करून दिला. तो पोटात ठरला नाही.

आमचा मुलगा औषधनिर्माणशास्त्र शिकलेला. त्याने सुंठीवरील संशोधन वाचून दाखवले. १९९७ साली दिल्लीतील संशोधकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला होता. त्यांनी कुत्र्यांना हेच सिस्प्लॅटिन देऊन सुंठीचे अर्क तपासले होते. ॲसिटोनमधील आणि निम्म्या मद्यार्कातील अर्काने उलट्या कमी झाल्या. पाण्यातील अर्काचा उपयोग झाला नाही. पेढीवरून काढ्यासाठी बांधून दिलेल्या पुड्या माझ्या डोळ्यांपुढे आल्या. सौ.ने एवढेच विचारले, “त्या कुत्र्यांचे पुढे काय झाले?”

मुलाकडे उत्तर नव्हते. उंदराला उलटी करताच येत नाही, म्हणून असे प्रयोग दुसऱ्या प्राण्यांवर होतात, एवढे त्याने सांगितले. ती म्हणाली, “माणसांसाठी औषध आहे ना? मग माणसांवर तपासलेले काही असेल तर सांग.”

तेही होते. २०१२ साली अमेरिकेतील एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच्या अंतिम विश्लेषणात ५७६ कर्करुग्ण होते. काहींना आल्याच्या अर्काच्या कॅप्सूल, काहींना तशाच दिसणाऱ्या पण निरुपयोगी. कोणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नाही आणि डॉक्टरालाही नाही. नेहमीची उलटीविरोधी औषधे सर्वांना चालूच होती. दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम आल्याइतक्या मात्रेने पहिल्या दिवशीची मळमळ सर्वांत अधिक घटली. दीड ग्रॅमने त्याहून जास्त लाभ झाला नाही. हा निष्कर्ष मळमळीचा होता, उलटीचा नव्हे, हे मुलाने दोनदा सांगितले. व्यापाऱ्याच्या पोराला असे बोलताना ऐकून मला थोडे हसू आले आणि थोडी लाजही वाटली.

मग मला आणखी एक गोष्ट कळली. डॉक्टर देत असलेली उलटीची गोळी ज्या वर्गातली, ती औषधे मुंगसासारख्या फेरेट नावाच्या प्राण्यांवर तपासून पुढे आली होती. ती आम्ही काहीही न विचारता घेत होतो. सांगावे की नाही, या विचारात मी दोन दिवस घालवले, अखेर सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. गोळी तिने घेतली. त्या संध्याकाळचे प्रतिक्रमण तिने पडल्या पडल्या केले आणि ते नेहमीपेक्षा पुष्कळ लांबले.

सुंठ सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारले. रक्त गोठण्यावर तिचा परिणाम होऊ शकतो, म्हणून त्यांनी आधी रक्ताचा अहवाल पाहिला. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे, ते घरात येणे शक्य नव्हते. शेजारच्या सराफाच्या काट्यावर मी चूर्ण तोलले. अर्धा ग्रॅम म्हणजे एवढीशी चिमूट! आयुष्यभर तोलत आलो, पण सुंठ इतकी कमी कधी तोलली नव्हती.

तिसऱ्या फेरीच्या रात्री एकच उलटी झाली. त्याच वेळी डॉक्टरांनी गोळीही बदलली होती, त्यामुळे श्रेय कोणाचे हे मला सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुगाचे पाणी मागून घेतले.

परवा पेढीवर एक गृहस्थ उलटीसाठी सुंठ मागू लागले. मी विचारले, “कोणाला हवी? दुसरे औषध काय चालू आहे?”

“सुंठीला कसली एवढी चौकशी, शेठजी?” ते म्हणाले. मी कागद खाली ठेवला आणि त्यांना बसायला स्टूल दिले.