ब्याऐंशी किलोंचं निमित्त

दोरी हातात धरली, पाय उचलले आणि चार सेकंदांत मी खाली. सेकंद लेकीनं मोजले, तेही मोठ्यानं. पालकांच्या बाकड्यावरच्या बायकांनी पटकन दुसरीकडे बघितलं, हा त्यांचा भलेपणा. लेक तेव्हा नऊ वर्षांची, वजन २७ किलो. पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या चिमटीत दोरी पकडून ती सरसर वर जायची आणि तिथून उलटी लटकून मला हाका मारायची. मी ८२ किलोंची.

"माझं वजन बघा की ताई," मी मल्लखांब शिकवणाऱ्या ताईंना म्हटलं. "एवढं वजन घेऊन कोण लटकणार?"

"मल्लखांब म्हणजे काय हो?" त्यांनी उलट विचारलं. "मल्लाचा खांब. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी तो पैलवानांसाठी पुन्हा रुजवला. पैलवान काय २७ किलोंचे असतात?"

मला राग आला. एक तर मी स्वतःला कमजोर समजत नव्हते. माहेर माण तालुक्यातलं, दुष्काळी. उन्हाळ्यात टँकर आला की डोक्यावर हंडा, हंड्यावर कळशी, काखेत आणखी एक, अशा खेपा मी शाळेच्या वयात केल्यात. पंधरा लिटरचा हंडा भरला की भांड्यासकट सतरा-अठरा किलो होतो. आजही पुण्यातल्या आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली की गॅसची टाकी तिसऱ्या मजल्यावर मीच नेते. त्यात १४.२ किलो गॅस आणि जवळपास तेवढंच लोखंड. अशी बाई दोरीवर चार सेकंद?

पण वाहणं वेगळं आणि लटकणं वेगळं, हे मला चाळिशीत कळलं. हंड्याचं वजन मानेवरून, कण्यावरून मांड्यांवर उतरतं. आणि जड माणसाच्या मांड्या आधीच तयार असतात. दिवसभर तेवढं वजन उठवत-बसवत असतात ना! दोरीवर मात्र तेच ८२ किलो बोटांवर, मनगटांवर आणि खांद्यांमागच्या अशा स्नायूंवर येतात, ज्यांना आयुष्यात कधी कुणी काम सांगितलेलं नसतं.

मी आठवीला गणित शिकवते, त्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही. घरी वजनकाट्यावर दोन्ही हात टेकून पुशअपच्या अवस्थेत राहिले आणि आकडा लेकीनं वाचला: ५५. कोपरं वाकवून खाली गेले तर ६१. म्हणजे पुशअपमध्येही दोन तृतीयांशाहून जास्त भार हातांवर. बाकीचा पाय सांभाळतात. दोरीवर पायांना पकड जमेपर्यंत तीही सूट नाही.

मग दुसरा हिशेब. माझं वजन लेकीच्या तिप्पट. दोघींची ठेवण एकसारखी धरली, तर वजन तिप्पट व्हायला लांबी-रुंदी तिप्पट व्हावी लागत नाही. तीनचं घनमूळ काढा, १.४४ पट पुरते. स्नायूची ताकद मात्र त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे १.४४ चा वर्ग, जेमतेम दुप्पट. ओझं तिप्पट, ताकद दुप्पट! टोकियो ऑलिंपिकमध्ये ४९ किलोंच्या गटात मीराबाई चानूनं क्लीन अँड जर्कमध्ये ११५ किलो उचलले, तिच्या वजनगटाच्या सव्वादोन पटींहून जास्त. तिथंच पावणेदोनशे किलोंच्या घरातल्या जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेनं २६५ उचलले. आकडा केवढा मोठा, पण स्वतःच्या वजनाच्या दीडपटच. (मीराबाई लहानपणी सरपणाच्या मोळ्या वाहायची, हे वाचल्यावर ती मला गावाकडचीच वाटू लागली.)

हिशेब बरोबर होता आणि मला सोयीचाही. मी ठरवलं, आधी वजन उतरवायचं, मग दोरी. रात्रीचं जेवण बंद, दुपारी अर्धी भाकरी. सहा आठवड्यांत काटा ७५ वर. मोठ्या तोऱ्यात गेले, दोरी धरली. पाच सेकंद. सात किलोंच्या बदल्यात एक सेकंद! वर टाकी घेऊन जाताना दुसऱ्या मजल्यावर दम लागून बसावं लागलं, ते वेगळंच.

"उतरलं खरं," ताई म्हणाल्या, "पण काय उतरलं?"

बाकड्यावर माझ्या शेजारी बसणाऱ्या एका आईचं वजन ४७ किलो होतं. ताईंनी तिलाही दोरी धरायला लावली. ती सहा सेकंद राहिली. माझ्या घनमुळात हे कुठंच बसत नव्हतं.

पुढचे सात महिने सांगण्यासारखे नाहीत, कंटाळवाणे आहेत. पोटभर जेवण, डाळ-अंडी जास्त. सिंगल बारला टॉवेल अडकवून लटकणं. स्टुलावर चढून हनुवटी बारच्या वर न्यायची आणि सगळा जीव एकवटून सावकाश खाली यायचं. वर जाता येत नाही त्यानं निदान उतरायला शिकावं. तळहाताला घट्टे आले. वजन परत ७९ झालं. आणि ७९ वर असताना एका सोमवारी संध्याकाळी हनुवटी बारच्या वर गेली. एकदाच. दुसऱ्यांदा जाईना, तेव्हा मात्र वाटलं की अजून पाच किलो कमी असते तर दोन झाले असते. वजनाचा दोष नव्हताच, असं मी कधी म्हणणार नाही. पण रिकामे हात त्याच्यामागं लपले होते.

लेक यंदा बारा वर्षांची झाली. एका वर्षात आठ सेंटिमीटर वाढली, वजन ४१. हातपाय लांब झाले, ताकद अजून मागून चालत येतेय. नवव्या वर्षी हसत करायची ती पकड आता सुटते. परवा घरी आल्यावर बॅग न ठेवताच विचारलं, "आई, मी जाड झाले का?"

मी घनमूळ सांगायला तोंड उघडलं.

"गणित नको. हो की नाही?"

"नाही."

रात्री तिनं ताटात चतकोर भाकरी ठेवली. मी काही न बोलता तिच्यासमोर बसून राहिले, ती खाईपर्यंत. सकाळी वजनकाटा माळ्यावर टाकला.

शनिवारी ती दोरीवर चढली, अर्ध्यावर घसरली, पुन्हा चढली. मी खाली उभी होते. सेकंद मोजले, पण मनातल्या मनात.