हक्कसोड आणि भाडेपावती

चि. बाळ,


हक्कसोडपत्राचा मसुदा मिळाला. मी सही करणार नाही. 'तू लग्न होऊन गेलीस, चाळीत राहिलीस किती?' असं तू फोनवर म्हणालास. बाबांनी मृत्युपत्र केलं नाही, आणि 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं त्यांच्या मिळकतीत मुलगी मुलाइतकीच वारस आहे. कोण कुठे राहिलं, हा प्रश्नच तिथे येत नाही. पण राहण्यालाच मोल द्यायचं, तर गिरगावातल्या त्या दोन-दोन खोल्यांत तीन पिढ्या काढलेल्या बिऱ्हाडांचं काय? त्यांच्यापुढे मात्र तू 'मालक आम्ही' म्हणतोस. बहिणीला एक न्याय आणि भाडेकरूला दुसरा?

पहिल्या मजल्यावरच्या काकू गेल्या. धाकटा शेवटपर्यंत त्यांच्याजवळ होता, थोरला कधीचा डोंबिवलीला. आता पावती दोघांनाही आपल्या नावे हवी. (भांडायचा मक्ता काय आपल्याच घराकडे आहे!) 1999 चा भाडे नियंत्रण कायदा पाहतो ते एवढंच, की मृत्यूच्या वेळी कुटुंबातलं कोण सोबत राहत होतं. त्यांच्यात एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवेल. तू थोरल्याशी परस्पर व्यवहार करू नकोस.

आणि भाडं नाकारायचं तुझ्या डोक्यात कुणी भरवलं? जो भाडं द्यायला तयार आहे त्याला थकबाकीच्या नावाखाली काढता येत नाही. ते मनीऑर्डर करतील, तू परत पाठवशील, आणि तोच कागद उद्या ते कोर्टात आपल्याविरुद्ध ठेवतील. भाडं तुटपुंजं आहे, हे मलाही सलतं. गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही, असं 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयच म्हणालं. पण नव्या कायद्यानं वर्षाला चार टक्के वाढ दिली, ती आपण कधी मागितली? वाढीच्या पत्रावर सही कुणी करायची, यावरून आपलंच वाजत राहिलं.

बिल्डरच्या रंगीत चित्रांनी भुलू नकोस. उपकरप्राप्त इमारतीचा पुनर्विकास करायचा तर निदान 51 टक्के रहिवाशांची लेखी संमती लागते. ज्यांची पावती तू अडवतोस, त्यांच्याच दारात उद्या सहीसाठी उभं राहायचंय.

तेव्हा आधी अडवलेल्या पावत्या फाडून दे. वाटणीचं बोलायला मी त्यानंतर येईन. आणि वकिलांना मसुदा पुन्हा वाचायला सांग. आईचाही आपल्याइतकाच हिस्सा आहे. तिचं नाव त्यात कुठेच नाही.

तुझी,
ताई