माझ्या आवडीची गाणी



कृषी खात्याचा माणूस खतांच्या मात्रा सोडून गाण्यांवर काय लिहिणार, असे आपल्याला वाटेल. पण देवगाव रंगारीच्या शिवारात कपाशी, मका, आले पाहत हिंडताना माझ्या ओठांवर बहुधा गाणेच असते.

आपल्याच जिल्ह्यात, सोयगाव तालुक्यात, पळसखेडे हे गाव आहे. ना. धों. महानोर तिथले शेतकरी. ‘जैत रे जैत’ (१९७७) या चित्रपटाची गाणी त्यांची, चाली हृदयनाथ मंगेशकरांच्या. कथा दूरच्या ठाकरांची, पण त्यातले रान मला आपल्या अजिंठ्याच्या डोंगरातले वाटते. ज्याने स्वतः कोरडवाहू जमीन कसली, त्याला आभाळाकडे डोळे लावणे म्हणजे काय, हे कोणी सांगावे लागत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये महानोर गेले. त्याच महिन्यात पावसाने मोठा खंड दिला होता. पिके माना टाकून उभी, आणि जिकडे तिकडे त्यांची पावसाची गाणी लागलेली. ती ऐकवतही नव्हती आणि बंदही करवत नव्हती.

डोंगर उतरून खाली गेले की खानदेश. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. शेतात, जात्यावर, चुलीपाशी त्यांना गाणी सुचत. जमिनीतून कोंब वर येताना त्यांनी जसा पाहिला, तसा मला बी. एस्सी.च्या पुस्तकांत कुठे दिसला नाही! १९५१ साली त्या गेल्या. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी गाणी उतरून ठेवली होती, म्हणून १९५२ मध्ये अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. ती वही नसती तर?

तिसरे गाणे माझ्या आईचे. पहाटे जात्यावर ती माहेरच्या वाटेच्या, भावाच्या ओव्या म्हणायची. गावात पिठाची गिरणी आली, आईच्या हातांना विसावा मिळाला. ते चांगलेच झाले. दळणाचे कष्ट कोणी परत मागू नयेत. पण जात्याबरोबर ओवीही थांबली. आज चाल आठवते, शब्द आठवत नाहीत, आणि विचारायला आई नाही.

पुण्याच्या हेमा रायरकर आणि गी पोइतवाँ यांनी गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत आपल्या आजीची असेलच असे नाही. घरात जुने माणूस असेल तर या दिवाळीच्या आत तिच्या ओव्या मोबाईलमध्ये भरून घ्या. नुसते ‘म्हण ना’ म्हणून भागत नाही. एक आजीबाई मला म्हणाल्या, “जातं फिरल्याबिगर ओवी येत न्हाई, सायेब.” तेव्हा कोपऱ्यातले जाते पुसा, खुंटा घट्ट ठोका, पसाभर ज्वारी घाला, समोर सुनेला बसवा. मोबाईल मात्र जात्यापासून जरा लांब, आजीच्या तोंडाजवळ धरा. घरघर फार असते.