माझं चुकलं का गं?

परवा भाचीचा फोन आला. "मावशी, अंगातून नुसत्या वाफा येतात, रात्र रात्र झोप नाही. डॉक्टरांनी हार्मोनच्या गोळ्या सुचवल्यात. घेऊ का? आईसारखं तर नाही ना होणार मला?"

तिची आई म्हणजे माझी अक्का. वय ८१. अल्झायमर. मला कधी आई समजते, कधी शेजारीण.

१९८३ साली, ३९व्या वर्षी अक्काची पिशवी काढली, दोन्ही बीजकोशांसकट. "मुलं झालीत, आता कटकट कशाला ठेवायची?" असं तिला म्हणणारी मीच. म्हणून भाचीला म्हटलं, दोन दिवस दे, आणि वाचायला बसले. शास्त्र हा काही माझा विषय नव्हे.

बीजकोशात तयार होणारं इस्ट्रोजेन मेंदूतल्या पेशींवरही काम करतं. पाळी जाण्याआधी बीजकोश काढलेल्या बायकांत पुढे स्मृतिभ्रंशाचं प्रमाण जास्त दिसलं, असं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ साली मांडलं. वय जितकं लहान, तितका धोका अधिक. वाचलं आणि पोटात खड्डा पडला.

मग वाटलं, इस्ट्रोजेन बाहेरून दिलं की झालं! तर तसंही नाही. २००३ साली तिथल्याच एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. पासष्टीच्या पुढच्या ४५३२ बायका. साधारण निम्म्यांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिनच्या गोळ्या, बाकीच्यांना औषध नसलेल्या. चारेक वर्षांत स्मृतिभ्रंश झाला तो पहिल्या गटात ४० जणींना, दुसऱ्यात २१ जणींना. जवळजवळ दुप्पट!

तज्ज्ञांचा एक तर्क असा, की सगळा खेळ वेळेचा आहे. पाऊस वेळेवर आला तर पीक, काढणीला आला तर नासाडी. पण हा तर्क अजून पक्का सिद्ध झालेला नाही.

भाचीला सांगितलं, "वाफांसाठी घ्यायच्या तर डॉक्टरांशी नीट बोलून घे. स्मरणशक्ती राखायला म्हणून घेऊ नकोस. आणि तुझे बीजकोश जागेवर आहेत, तुझं गणित आईचं नव्हे."

वाचणाऱ्या लेकीसुनांनो, पिशवी काढायची वेळ आलीच तर बीजकोश ठेवता येतील का, एवढं जरूर विचारा. आम्हाला तेव्हा ते सुचलंही नाही.

आकडे हजारो बायकांचे असतात, त्यातून एकट्या अक्काचं कारण निघत नाही. हे कळतं मला. तरी काल तिच्याजवळ बसून विचारलंच, "अक्का, माझं चुकलं का गं?"

ती म्हणाली, "मेथी निवडलीस का?"

असो. दोघी मिळून मेथी निवडत बसलो.