नियमाचे काम : नवागाममधील चल्लस-आठच्या पटावरून

पटावरचा नवा खेळ रचू पाहणाऱ्याने कल्पनेच्या शोधात निघण्यापूर्वी एखाद्या जुन्या खेळातील प्रत्येक नियम कोणते काम करतो हे तपासावे, असे या लेखाचे प्रतिपादन असून त्याला सुरतेच्या नवागाम भागातील प्रत्यक्ष अनुभवाचा आधार आहे. नवागाम-दिंडोली परिसरात कापडधंद्याच्या निमित्ताने खानदेशातून आलेली अनेक कुटुंबे स्थायिक झाली असून, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास माहेरवाशिणी आणि यंत्रमागाच्या पाळीवरून परतलेले कामगार यांच्यासह प्रस्तुत लेखकाने तेथे चल्लस-आठचे नियम बदलून खेळ पारखला.

हा खेळ २५ घरांच्या पटावर चार कवड्यांनी खेळतात. जितक्या कवड्या उताण्या पडतील तितके दान मिळते, चारही उताण्या पडल्यास चल्लस, म्हणजे चार, आणि चारही पालथ्या पडल्यास आठ. कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असे मानल्यास १६ शक्यतांपैकी दोनाचे दान ६ वेळा, एक आणि तीन प्रत्येकी ४ वेळा, तर चल्लस आणि आठ प्रत्येकी एकदाच येते. पचिसीवरून घडलेल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात पेटंट मिळालेल्या ल्युडोत कवड्यांऐवजी फासा आल्याने सर्व दाने सारख्याच शक्यतेची झाली, यावरून दानाचे साधन बदलले की खेळाचा स्वभावही बदलतो हे ध्यानात येते.

प्रतिस्पर्ध्याची सोंगटी मारणे म्हणजे तोड, आणि ती केल्याशिवाय आतल्या घरांत प्रवेश नाही. ही अट काढली तेव्हा डाव लवकर संपू लागला, परंतु जो तो आपलीच सोंगटी रेटू लागला आणि दुसऱ्याच्या दानाकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. खेळाडूंना परस्परांशी बांधून ठेवणे हे त्या अटीचे काम होते.

म्हणून नवोदिताने एका वेळी एकच नियम बदलावा, छपाईचा खर्च करण्याआधी पुठ्ठ्यावर हाताने आखलेला पट वापरावा, लिहिलेले नियम अनोळखी खेळाडूंच्या हाती देऊन स्वतः गप्प बसावे आणि ते कोठे अडतात याची नोंद ठेवावी. दीर्घ पाळी करून आलेल्या माणसाजवळ वेळ थोडा असतो, त्यामुळे डावाची लांबीही खेळणाऱ्यांच्या दिनक्रमावरून ठरवावी, कारण ज्यांच्यासाठी खेळ रचला त्यांना तो पुरा करता आला नाही, तर त्यातील कोणताच नियम आपले काम करू शकत नाही.